दवबिंदूचा थेंब टिपताना

पावसाळ्याच्या अखेरीस कासच्या पठारावर दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती दिसते. तिच्या पानावरचे चिकट थेंब टिपायला मॅक्रो लेन्स हवी. पान सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं उमटलं, की एफ/११ लासुद्धा जेमतेम मिलिमीटरभर खोलीच रेखीव येते. अपर्चर आणखी बारीक करून एफ/२२ वर गेलात, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच चित्र मवाळ पडतं. त्यापेक्षा ऑटोफोकस बंद करून कॅमेराच किंचित पुढे-मागे सरकवावा. जमिनीवर आडवं होण्याआधी मात्र खाली नीट बघा. कोपराखाली ‘सीतेची आसवं’ नावाची रानफुलं चिरडून मिळवलेला फोटो मला चांगला म्हणवत नाही. वारा असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, प्रकाश कमी पडल्यास आयएसओ वाढवा.