माल कोणाचा?

पेठेतले रस्ते : लेखांक 6

"ओ, गाडी कोणाची?" ही आरोळी पुण्याच्या नारायण पेठेत दिवसभरात केव्हाही ऐकू येते. आरोळी ठोकणारा बहुधा स्कूटरवर असतो, त्याच्या मागे रिक्षा, रिक्षामागे शाळेची व्हॅन. समोर एक टेम्पो चारी इंडिकेटर लुकलुकवत उभा. थोड्या वेळाने एखाद्या जिन्यातून आवाज येतो, "पाच मिनिटं काका, माल उतरतोय." ही पाच मिनिटं पेठेतली असतात, म्हणजे घड्याळाशी त्यांचा संबंध नसतो.

मागच्या आठवड्यात आपण पार्किंगच्या पी-वन, पी-टू पाट्या आणि दुचाक्यांचा हिशेब पाहिला. तो लेख वाचून भेटलेल्या बहुतेकांची एकच तक्रार होती : "दुचाक्यांचं राहू द्या, त्या टेम्पोवाल्यांचं काहीतरी लिहा." म्हणून आजचा लेखांक त्यांच्यासाठी. मात्र टेम्पोवाल्याला चार शिव्या घालून तो संपणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी मापं. नारायण पेठ अठराव्या शतकात वसली, नाव नारायणराव पेशव्यांचं. पत्र्या मारुती, मोदी गणपती, मुंजाबाचा बोळ या भागातल्या आतल्या गल्ल्या पायी माणसं, घोडे आणि फार तर बैलगाडी यांच्या हिशेबाने पडल्या. समजा, गल्ली सहा मीटर रुंद आहे. एका बाजूला काटकोनात लावलेल्या दुचाक्यांनी दोन मीटर खाल्ले. दुसऱ्या बाजूला 'छोटा हत्ती' टेम्पो उभा राहिला, तो दीड मीटर रुंद. भिंतीपासून त्याने सोडलेलं अंतर अर्धा मीटर धरा. उरले दोन मीटर. यातून स्कूटर जाते, रिक्षा जाते, मोटार आरसे मिटून जाते. 108ची रुग्णवाहिका अडते. अग्निशामक बंब तर अडीच मीटरच्या आसपास रुंद, त्याचा प्रश्नच नको. म्हणजे एक टेम्पो 'कडेला' उभा असला, तरी गल्ली आगीच्या दृष्टीने बंद झालेली असते. टेम्पोवाल्याला ते दिसत नाही, कारण स्कूटरी जात असतात.

पूर्वी पेठेत एवढे टेम्पो नव्हते असं जुने लोक म्हणतात आणि ते खरं आहे. भुसार मालाचा घाऊक बाजार भवानी पेठेतून मार्केट यार्डात गेला, मोठे ट्रक शहराच्या मध्यातून कमी झाले. पण ट्रकमध्ये येणारा माल यायचा थांबला नाही, तो लहान गाड्यांत विभागला गेला. 2005 साली टाटा मोटर्सने पुण्यातूनच 'एस' हा छोटा ट्रक बाजारात आणला, तोच आपला छोटा हत्ती. पावणेचार मीटरच्या आसपास लांबी, जवळपास कुठल्याही गल्लीत शिरणारा. एका ट्रकच्या जागी असे अनेक हत्ती आले आणि प्रत्येकाला स्वतंत्र थांबायला जागा लागते. त्यात आता घरपोच पार्सलांच्या व्हॅन आल्या, मोबाइलवर बोलावलेले भाड्याचे टेम्पो आले. एकाच इमारतीत सकाळपासून पाण्याचे वीस लिटरचे जार, गॅसचे सिलिंडर, किराणा, तिसऱ्या मजल्यावरचं नवं कपाट आणि चौथ्या मजल्यावरची कुणाची तरी ऑनलाइन घेतलेली सायकल येते. प्रत्येकाची गाडी वेगळी.

नारायण पेठेचं आणखी एक वेगळेपण म्हणजे कागद. पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर. त्याच्या आधाराने छापखाने, बाइंडर, प्रकाशक आणि वह्यांचे ठोक विक्रेते या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा कागदाच्या टेम्पोंची रांग लागते. एकदा हे काम नीट उभं राहून पाहा. चालक उतरतो, उतार असेल तर मागच्या चाकाला दगड लावतो, ताडपत्रीची दोरी सोडतो, फाळका खाली पाडतो. फाळका पडला की गाडीची लांबी हातभर वाढते, ती मागून येणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवर. मग रिमं खांद्यावर. ढकलगाडी नसते, कारण असली तरी गटाराच्या झाकणावरून, दोन दुचाक्यांमधून आणि वाड्याच्या उंबऱ्यावरून ती जाणार कशी? बाइंडरचं दुकान आतल्या चौकात. प्रत्येक फेरीला आत जायचं, थप्पी लावायची, बाहेर यायचं. पूर्वी टेम्पोबरोबर क्लीनर असे, हमाल असत. आता पुष्कळदा चालक हाच क्लीनर आणि हाच हमाल. तो आत गेला की गाडीत कुणीच नाही, म्हणून हॉर्न वाजवून उपयोग नाही. (पत्र्या मारुतीजवळच्या महापालिकेच्या वाहनतळाचं नाव हमालवाडा आहे. हमाल नाहीत, मोटारी आहेत.)

वाडे पाडून इमारती उठू लागल्या तशी राडारोड्याचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर यांचीही भर पडली. गल्लीचं तोंड अडवून उभा राहिलेला मिक्सर पाहिला की मला 20 सप्टेंबर 2024ची सिटी पोस्टाच्या आवारातली घटना आठवते. महापालिकेचाच ट्रक पायाखालची जमीन खचून अख्खा खड्ड्यात गेला होता, चालक सुदैवाने वाचला. जुन्या पेठांच्या फरशीखाली काय आहे याची खात्री कुणी द्यावी?

आता कायदा. रस्त्याच्या वळणावर, चौकाजवळ, पदपथावर, शाळा-रुग्णालयाच्या दाराशी, कुणाच्या फाटकासमोर किंवा आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या बगलेला गाडी लावता येत नाही. पाटी असो वा नसो. माल उतरवायचा आहे म्हणून यातून सूट मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 122नुसार इतरांना धोका वा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाणं गुन्हा आहे. कलम 126 सांगतं, चालक आसनावर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. इंजिन घरघरत ठेवून जिना चढणाऱ्यांनी हे वाचावं. डिसेंबर 2021पासून महाराष्ट्रात नो-पार्किंगचा दंड पहिल्यांदा 500 आणि पुन्हा सापडल्यास 1500 रुपये आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 285खाली 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उभ्या गाडीपेक्षा मला चालती गाडी जास्त भीतीदायक वाटते. पुढे तुंबलंय म्हणून एकेरी रस्त्यात भराभर रिव्हर्स घेणारे चालक सर्रास दिसतात. तोंड सरळ दिशेला असल्यामुळे आपण नियमातच आहोत अशी त्यांची समजूत. ती चूक आहे. एकेरी रस्त्यात रिव्हर्सनेही शिरता येत नाही आणि 2019च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या प्रवाहाविरुद्ध गाडी हाकणं हे कलम 184खाली धोकादायक वाहनचालनात मोडतं. दंड हजारापासून पाच हजारांपर्यंत, शिवाय तुरुंगवासाची तरतूद. मालाने भरलेल्या हौद्यामागचं मूल आरशात दिसत नाही, म्हणून इथे दयामाया नको.

तक्रार करायची तर गाडीचा नंबर, जागा आणि वेळ स्पष्ट दिसेल असा फोटो 'महाट्रॅफिक' अ‍ॅपवर टाकता येतो. रुग्णवाहिका किंवा बंब अडला असेल तर 112 लावा, फोटो काढत बसू नका. आणि एक करू नका, पेठेत ते परंपरेने होत आलं असलं तरी : हवा सोडू नका. "येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" ही पाटी वाचायला खमंग आहे, पण कृती केलीत तर आगळिकीचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो. त्याहून साधी गोष्ट म्हणजे, हवा सोडलेला टेम्पो पंक्चरवाला येईपर्यंत तुमच्याच दारात बसणार.

इथवरचं सगळं 'गाडी कोणाची?' या प्रश्नाचं उत्तर झालं. दंड नंबरावर निघतो, मालकाच्या मोबाइलवर जातो, मालक तो चालकाकडून कापून घेतो किंवा धंद्याचा खर्च म्हणून सोसतो. ज्याच्यासाठी टेम्पो आला तो दुकानात पंख्याखाली बसून बिलावर सही करतो. सगळ्या व्यवहारात त्याला कुणी काही विचारत नाही. माझ्या मते विचारायचा प्रश्न 'माल कोणाचा?' हा आहे. चालकाला वेळ ठरवता येत नाही, जागा ठरवता येत नाही, मदतनीस मागता येत नाही. या तिन्ही गोष्टी माल मागवणाऱ्याच्या हातात असतात. त्याने 'दहाला पाठवा' म्हटलं की टेम्पो दहाला येतो, कारण दुकान दहाला उघडतं. मग शाळा, कार्यालयं आणि माल यांची गाठ एकाच अर्ध्या तासात पडते.

वेळ बदलता येत नाही का? येते. पेठेत यासाठी जगात कुठे नसेल अशी सोय आहे : दुपारी एक ते चार. या वेळेवर सगळ्या महाराष्ट्राने विनोद करून घेतले. पण नीट पाहिलं तर दिवसातला सर्वांत मोकळा रस्ता याच तीन तासांत असतो. गंमत अशी की रस्ता मोकळा असतो तेव्हा माल घ्यायला दुकानात कुणी नसतं आणि दुकान उघडतं तेव्हा रस्ता भरलेला असतो. शटर बंद ठेवून, एका माणसाला मागे ठेवून या वेळात माल उतरवून घेणारे दुकानदार आहेत. त्यांच्या दारात मी भांडण पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकांसाठी दुकान बंद ठेवा, वामकुक्षी तुमचा हक्क आहे, पण टेम्पोपुरतं अर्धं शटर वर करा.

"मग रात्रीच का नको?" असं विचारणारे भेटतात. ज्युलियस सीझरच्या नावाच्या, इसवी सनपूर्व 45च्या कायद्याने रोममध्ये सूर्योदयापासून दुपार कलेपर्यंत मालाच्या गाड्यांना बंदी होती. देवळांच्या आणि सरकारी बांधकामाच्या गाड्यांना तेवढी सवलत. परिणाम असा की गाड्या रात्री धडधडू लागल्या आणि पुढे जुव्हेनल या कवीला रोममध्ये झोप मिळत नाही म्हणून लिहावं लागलं. आपल्याकडे घरं रस्त्याला चिकटून आहेत. पहाटे दोनला फाळका आपटला की काय होतं, हे रस्त्याकडेच्या खोलीत झोपणाऱ्यांना सांगायला नको. रात्र नको. पहाटे सहा ते आठ आणि दुपारी एक ते चार पुरेत.

व्यापारी म्हणतात, वेळेचं बंधन परवडणार नाही. पण गणेशोत्सवात ते बंधन आपोआप पाळलं जातं. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक हे चारही रस्ते मिरवणुकांसाठी चोवीस तासांहून अधिक बंद असतात. म्हणून पेठेत कुणी उपाशी राहिल्याचं ऐकिवात नाही, माल आधी भरून ठेवलेला असतो. 11 डिसेंबर 2021 रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा उंबऱ्या गणपती ते गरुड गणपती हा भाग पादचारी दिन म्हणून वाहनांना बंद केला, त्या दिवशीही दुकानं चालली. जमतं, फक्त आधी ठरवावं लागतं.

महापालिकेची बाजूही सुटत नाही. मार्च 2018मध्ये पार्किंग धोरण सर्वसाधारण सभेत मंजूर झालं, ते मोजक्या रस्त्यांवर प्रायोगिक म्हणून करायचं ठरलं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्यातली चर्चा सगळी मोटारींच्या शुल्काची. माल उतरवायला राखीव जागा हवी, हे आपल्याला सुचत नाही. बार्सिलोनात अशा जागा आखलेल्या आहेत, चालक मोबाइलवर नोंद करतो, बहुतांश ठिकाणी अर्धा तास मिळतो आणि मग हलावं लागतं. आपल्याकडे प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दोन टेम्पोंपुरती पिवळी चौकट आखायला पूल बांधावा लागणार नाही. चार दुचाक्यांची जागा जाईल, आरडाओरड होईल, ती सोसावी. वाहतूक शाखा कलम 115, 116 आणि 117चा आधार घेऊन असे आदेश काढू शकते, जड वाहनांच्या वेळा ती याच कलमांखाली ठरवते.

आणि आपण रहिवासी? आपल्या गाडीची जागा अडवायला रस्त्यावर कुंडी, तुटकी खुर्ची, सिमेंट भरलेला डबा ठेवणारे आपणच. फाटकावर टांगलेल्या घरगुती 'नो पार्किंग' पाटीने सार्वजनिक रस्ता आपला होत नाही, फाटक अडवणं मात्र पाटीशिवायही बेकायदा आहे. कुंडी उचलली तर टेम्पो कडेला लागतो. ती असते म्हणून तो मध्ये उभा राहतो.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या इमारतीत पाणी, गॅस, किराणा आणि पार्सलं कोणत्या वेळी येतात याची यादी करा आणि त्यातल्या ज्यांची वेळ तुम्ही ठरवू शकता ती एक ते चारमध्ये ढकला. खालच्या दुकानदाराला भेटून हीच विनंती करा, टेम्पो उभा असताना नव्हे, नसताना. पुढच्या लेखांकात : मंगल कार्यालयं आणि लग्नाच्या मुहूर्ताला अडलेला रस्ता.