शिकाऱ्याचा डावा कान
अमेरिकेतील अनेक राज्यांत नोव्हेंबर हा हरणांच्या शिकारीचा महिना. पाचोळ्यातली चाहूल लागावी म्हणून बरेच शिकारी कान उघडेच ठेवतात. रायफलीचा बार १५० डेसिबलच्या पुढे जातो. १४० च्या वर एकच बार कान कायमचा अधू करू शकतो. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणून डावा आधी जातो. कापसाचा बोळा निरुपयोगी. फोमचा इअरप्लग बारीक वळून, कान वर-मागे ओढून आत सरकवावा, फुगेपर्यंत बोटाने धरावा. इलेक्ट्रॉनिक इअरमफ हलकी चाहूल मोठी करून ऐकवतात आणि बार अडवतात. शिकाऱ्याची खरी अडचण त्यांनीच सुटते. चष्म्याची काडी तेवढी बारीक हवी, नाहीतर गादीखाली फट राहते. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, पण रायफल रेंजवर हेच लागू.