सोलर आहे, बॅटरी आहे, तरी रात्री मीटर का पळतो?

बेळगाव : छतावर तीन किलोवॅटचे पॅनल, जिन्याखाली लिथियम बॅटरी, भिंतीवर हायब्रीड इन्व्हर्टर. खर्च लाखांत, त्यात बरंचसं बँकेचं कर्ज. एवढं करून महिन्याचं बिल हातात पडतं तेव्हा त्यात ग्रीडकडून घेतलेली साठ-सत्तर युनिटं दिसतात. ‘बॅटरी असताना आम्ही बाहेरचा करंट घेतलाच कधी?’ हा प्रश्न हल्ली टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत कुठंही ऐकायला मिळतो. मग कुणी म्हणतो मीटर फास्ट आहे, कुणी म्हणतो सोलरवाल्यानं गंडवलं. दोघांशी भांडायला जाण्याआधी घरच्या घरी एक हिशेब लावता येतो. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. रोजमेळ आणि पासबुक जुळवता आलं की पुरे.

इथं रोजमेळ म्हणजे मोबाईलमधलं इन्व्हर्टरचं ॲप आणि पासबुक म्हणजे वीज मीटर. ॲपला तेवढंच दिसतं जेवढं इन्व्हर्टरमधून किंवा त्याच्या सेन्सरमधून जातं. मीटरला सगळं दिसतं, आणि बिल मीटरवरूनच निघतं. दोन्ही आकडे जुळत नसतील तर पहिला प्रश्न हा, की इन्व्हर्टरच्या नजरेआड घरात काय काय चालतंय?

नेट मीटरवर दोन खाती असतात. बटण दाबत गेलं की बऱ्याच मीटरवर 1.8.0 आणि 2.8.0 असे आकडे येतात. 1.8.0 म्हणजे आपण ग्रीडकडून घेतलेली युनिटं, 2.8.0 म्हणजे आपण ग्रीडला दिलेली. आपल्याकडं हेस्कॉम, चंदगड-गडहिंग्लजला महावितरण, गोव्यात सरकारी वीज खातं; मीटरचं हे गणित सगळीकडं एकच. बिल कन्नडमध्ये असल्यामुळं आपल्या ज्येष्ठ मंडळींची अडचण होते खरी, पण हे आकडे भाषेविना वाचता येतात. आठवडाभर रोज सूर्य मावळल्यावर आणि सकाळी उजाडल्यावर दोन्ही आकड्यांचा फोटो काढून ठेवा. रात्रीत 1.8.0 किती वाढला, हेच आपल्याला हवंय.

तो शून्यानं वाढेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ग्रीडला जोडलेल्या घरात शून्य सहसा येत नाही. हायब्रीड इन्व्हर्टर स्वतःच दिवसरात्र साधारण 30 ते 80 वॅट खातो. पन्नास धरले तरी चोवीस तासांत सव्वा युनिट, महिन्याला छत्तीस. यातला काही भाग सोलर आणि बॅटरी भागवते, बॅटरी खाली गेली की उरलेला ग्रीडवर येतो. शिवाय फ्रीजचा कॉम्प्रेसर किंवा मिक्सर अचानक सुरू झाला की इन्व्हर्टरला जोर लावायला क्षणभर वेळ लागतो. तेवढा क्षण ग्रीड भरून काढतं. ग्रीडला वीज बाहेर जाऊच द्यायची नाही असं सेटिंग असेल, तर चुकूनही बाहेर जाऊ नये म्हणून पुष्कळ इन्व्हर्टर मुद्दाम थोडी वीज सतत ग्रीडकडून घेत राहतात. अशी थेंब थेंब गळती दिवसाला अर्ध्यापासून दीड युनिटापर्यंत जाते. तेवढ्यावरून कुणाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा विचार त्याच्या वरच्या युनिटांचा करायचा. त्यासाठी मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा कामाला येतो. दिव्याजवळ 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. मीटर 3200 चा असेल तर 1125 ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, त्या घडीला किती वॅट चाललेत ते मिळतं. मीटर 1600 चा असेल तर 2250 ला भागा. हे काम रात्रीच करा, कारण दिवसा वीज बाहेर जात असतानाही तोच दिवा लुकलुकतो. दिवा न लुकलुकता नुसता पेटून राहिला असेल तर बहुतेक मीटरमध्ये त्याचा अर्थ लोड नाही असा असतो. ते पाहून घाबरू नये.

शहरातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी हा प्रयोग प्रत्यक्ष पाहिला. सरांनी सोलर बसवणाऱ्याचे शेवटचे पैसे अडवून धरले होते. तो पोरगा गल्लीतलाच, त्यामुळं दोन घरांत बोलणंही बंद. रात्री अकराला फ्रीज आणि एक पंखा सोडून सगळं बंद केलं. बॅटरी साठ टक्के भरलेली. ॲप सांगत होतं, ग्रीडचा वापर शून्य. मीटरचा दिवा मात्र सहा सेकंदांना लुकलुकत होता, म्हणजे 187 वॅट बाहेरून येत होते. मग एकेक एमसीबी खाली पाडत गेलो. हॉल, किचन, वरचा मजला, काही फरक नाही. शेवटी सरांच्या मिसेस म्हणाल्या, “अहो, देवघराच्या मागं तो जुना इन्व्हर्टर आहे की, तो कुणी बघितला?” त्याचा स्विच बंद केला आणि दिवा बावीस सेकंदांवर गेला. 187 वरून 51 वॅट!

झालं होतं ते असं. लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेला साधा इन्व्हर्टर आणि त्याची 150 एएचची ॲसिड बॅटरी, ‘असू दे जोडीला’ म्हणून तशीच ठेवलेली. तिची लाईन मेन बोर्डावरून, म्हणजे नव्या सिस्टीमच्या आधीच निघत होती. नव्या बॅटरीला तिचा पत्ताच नाही. त्यात ती जुनी बॅटरी म्हातारी झालेली, पाणी आटलेलं, एखादा सेल गेलेला. अशी बॅटरी कधी भरतच नाही, चार्जर आपला करंट ओतत राहतो आणि तो उष्णतेत जातो. हात लावला तर बॅटरी कोमट लागत होती. 136 वॅट, रात्रीचे तेरा तास धरले तर पावणेदोन युनिट, महिन्याला पन्नासच्या वर. बिलातल्या कोड्याचा मोठा वाटा तिथंच. सोलरवाल्यानं फसवलं नव्हतं. जुना इन्व्हर्टर कुठं जोडलाय हे त्यानं विचारलं नाही, आणि ते सांगायचं असतं हे सरांना ठाऊक नव्हतं.

आपल्या भागात सोलर येण्याआधी घरोघरी इन्व्हर्टर आलेले आहेत. त्यामुळं पहिला संशय मी तरी या जुन्या डब्यावरच घेईन.

दुसरं मोठं कारण वायरिंगचं. हायब्रीड इन्व्हर्टरला बॅकअपचा वेगळा आउटपुट असतो. लाईट, पंखे, फ्रीज त्यावर घेतात. गीझर, पाण्याची मोटर, एसी बहुतेक ठिकाणी थेट मेनवर राहतात. मेनवरच्या लोडसाठी मीटरजवळ क्लॅम्पसारखा एक सेन्सर बसवलेला असेल, तरच इन्व्हर्टरला कळतं की तिथं वीज लागतेय. सेन्सर नसेल तर बॅटरी भरलेली असूनही सकाळचा गीझर ग्रीडवरच तापतो. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास म्हणजे एक युनिट. सेन्सर उलटा बसला असेल तर गंमत आणखी वाढते. त्यावर बाणाची खूण असते, ती फिरली की घर वीज घेत असताना इन्व्हर्टरला वाटतं वीज बाहेर चाललीय, आणि तो हात आखडता घेतो. भर दुपारी ऊन कडक, बॅटरी भरलेली, तरी मीटरचा 1.8.0 वाढतोय असं दिसलं तर सेन्सर तपासायला सांगा.

थ्री फेज घरांचं दुखणं वेगळं. इन्व्हर्टर सिंगल फेज आणि कनेक्शन थ्री फेज, ही जोडी आपल्याकडं सर्रास दिसते. बॅटरी ज्या फेजवर जोडली तिथलंच घर चालवते. उरलेल्या दोन फेजवर एसी किंवा मोटर असेल तर रात्री ती ग्रीडवर. इलेक्ट्रिशियनकडून लोड थोडा इकडं-तिकडं करून घेतला तर यातलं बरंच कमी होतं.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघायच्या. ‘ग्रीड चार्ज’ चालू राहिलं असेल तर बॅटरी रात्री ग्रीडवरून भरते. मध्यरात्री बॅटरीची टक्केवारी वाढताना दिसली की समजून जा. आणि राखीव टक्के. पाच युनिटांची बॅटरी, वीस टक्के राखीव, म्हणजे हातात चार. त्यातही बॅटरीतून घराच्या करंटमध्ये येताना काही घटतं, साडेतीन-पावणेचार उरतात. तीन पंखे रात्रभर, फ्रीज, टीव्ही, लाईट मिळून तेवढे सहज लागतात. मे महिन्यात एसी लावला तर बॅटरी बारा वाजताच हात वर करणार. यात बिघाड काही नाही, बॅटरी लहान पडते एवढंच.

पावसाळ्याचं तर सांगायलाच नको. उन्हाच्या दिवसांत एका किलोवॅटला दिवसाला चार युनिटांच्या आसपास मिळतात. जुलैत खानापूर-कणकुंबीकडं आभाळ फाटतं तेव्हा एकावर समाधान मानावं लागतं. बॅटरी भरायलाच ऊन नाही, तर रात्री देणार काय? जूनमध्ये सिस्टीम बसवून जुलैच्या बिलावरून तिला नावं ठेवणारे लोक आहेत!

आणखी एक कारण फारसं कुणी सांगत नाही. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरांत दुपारी व्होल्टेज चढतं. ते ठरलेल्या मर्यादेपलीकडं गेलं की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी ग्रीडपासून सुटतो, काही मिनिटांनी पुन्हा जोडला जातो. दिवसात असं दहा वेळा झालं तर बाहेर जाणारी वीज घटते, आणि बॅटरी नसलेल्या साध्या ऑन-ग्रीड सिस्टीमचं तर तेवढा वेळ उत्पादनच बंद. ॲपच्या आलेखात दुपारी करवतीसारखे दाते दिसले तर तो फोटो जपून ठेवा. ही तक्रार वीज कंपनीकडंच करायची आहे.

बिलाबद्दल एक गैरसमज. नेट मीटर असेल तर घेतलेल्या युनिटांतून दिलेली वजा होतात, त्यामुळं रात्रीची साठ युनिटं दिवसाच्या एक्सपोर्टमध्ये जिरूनही जातात. जिरत नाही तो स्थिर आकार. तो मंजूर लोडवर लागतो, युनिट शून्य असलं तरी. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, ते पॅनलच्या किलोवॅटवर ठरतं. बॅटरीचे पैसे आपले आपल्यालाच घालावे लागतात. म्हणून बिल कमी करायला बॅटरी घेतली असेल तर नेट मीटर असलेल्या घरात तो पैसा फार सावकाश वसूल होतो. वारंवार करंट जाणाऱ्या गावात तिची किंमत वेगळी, तिथं मी नको म्हणणार नाही.

हे सगळं पाहूनही रात्रीची युनिटं जुळत नसतील, तर मेन स्विच बंद करून मीटरचा दिवा बघा. तरीही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेन स्विचच्या मधून कुठंतरी वायर गेलेली असते. भाडेकरूचा मीटर वेगळा होताना राहून गेलेली लाईन, जिन्याचा बल्ब, शेजारच्या बोअरची मोटर, काहीही निघू शकतं. मीटरचं सील तोडू नका, आणि मेन बंद केला तरी दिवसा पॅनलच्या वायरमध्ये करंट असतोच, तिथं हात घालू नका. तिथून पुढं काम जाणत्या इलेक्ट्रिशियनचं.

आणि मीटरवरच संशय असेल तर सब-डिव्हिजन ऑफिसात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्यायचा, त्याची फी भरावी लागते. अर्जावर आर.आर. नंबर लिहा, सात दिवसांच्या फोटोंवरून काढलेले आकडे तारखेसह जोडा आणि पोच घ्या. फोनवरची तक्रार 1912 वर नोंदवता येते, तिचाही नंबर लिहून ठेवा.