ॲमेझॉन वर्षावनातील बदल

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात पसरलेले उष्ण कटिबंधीय सदाहरित वन हे जगातील सर्वांत मोठे वर्षावन होय. त्याचे क्षेत्रफळ सु. ५५ लाख चौ. किमी. असून त्यापैकी सु. ६०% भाग ब्राझीलमध्ये आहे. उरलेला पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया, एक्वादोर, व्हेनेझुएला, गुयाना व सुरिनाम हे देश आणि फ्रेंच गियाना यांत विभागला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या वनात दोन प्रकारचे बदल होत आहेत. एक म्हणजे वृक्षतोडीमुळे वनाचे क्षेत्र घटत आहे. दुसरा म्हणजे जे वन अद्याप उभे आहे त्याची घटना, वाढ व कार्बनाची देवघेव बदलत आहे. पहिला बदल मानवी वसाहतीमुळे व दुसरा जलवायुमानामुळे, अशी विभागणी वरवर सोयीची वाटते. परंतु प्रत्यक्षात दोन्ही बदल एकमेकांस बळ देतात. याचे कारण असे की, हे वन ज्या पावसावर जगते त्याचा मोठा हिस्सा ते स्वतःच निर्माण करते.

स्वरूप : खोऱ्यातील वार्षिक सरासरी पर्जन्यमान २०० सेंमी.हून अधिक आहे. येथे वृक्षांच्या सु. १६,००० जाती असाव्यात असा अंदाज आहे. वनाची ही समृद्धी मृदेच्या सुपीकतेवर आधारलेली नाही. खोऱ्यातील बहुतेक उंचवट्यांवरील मृदा प्राचीन, पावसाने धुपलेली व पोषक द्रव्यांच्या दृष्टीने निकस आहे. पोषक द्रव्यांचा बराचसा साठा सजीव वनस्पतींत व जमिनीवर पडणाऱ्या पालापाचोळ्यात असतो. पाचोळा कवके व सूक्ष्मजंतू यांच्यामुळे त्वरेने कुजतो आणि त्यातून मुक्त झालेली द्रव्ये उथळ मुळे लगेच शोषून घेतात. त्यामुळे वन तोडून जाळल्यास राखेमुळे जमीन थोडी वर्षे पीक देते व नंतर तिचा कस झपाट्याने उतरतो. शेतकऱ्याला नवे रान तोडावे लागते किंवा जुन्या शेताचे कुरण करावे लागते. खोऱ्यातील वनस्पती व मृदा यांत मिळून सु. १५,००० ते २०,००० कोटी टन कार्बन साठविलेला आहे.

पावसाचे पुनश्चक्रण : अटलांटिक महासागरावरील बाष्प पूर्वेकडील वाऱ्यांबरोबर खोऱ्यात येते व त्याचा पाऊस पडतो. या पाण्याचा मोठा भाग मुळांवाटे वृक्षांत जाऊन पर्णरंध्रांतून बाष्परूपाने पुन्हा हवेत जातो आणि पश्चिमेकडे सरकून पुन्हा पडतो. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सलाती व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनाच्या समस्थानिकांच्या साहाय्याने ही क्रिया सिद्ध केली. जड समस्थानिक असलेले पाणी आधी पडते. म्हणून समुद्रापासून जसजसे आत जावे तसतसे पावसाच्या पाण्यातील जड समस्थानिकाचे प्रमाण वेगाने घटावयास हवे. ॲमेझॉन खोऱ्यात ही घट अपेक्षेपेक्षा फार कमी आढळली. वृक्षांनी शोषलेले पाणी समस्थानिकांच्या प्रमाणात विशेष फरक न होता हवेत परत येत असल्याने असे घडते. निरनिराळ्या अंदाजांनुसार खोऱ्यातील पावसाचा एक-चतुर्थांश ते निम्मा भाग असा पुनश्चक्रित असतो. अँडीज पर्वताला अडून हे बाष्प दक्षिणेकडे वळते व दक्षिण ब्राझील, पॅराग्वाय आणि उत्तर अर्जेंटिना येथील शेतीस पाऊस देते. या बाष्पप्रवाहांना ब्राझीलमध्ये ‘उडत्या नद्या’ म्हणतात.

निर्वनीकरण : खोऱ्यात माणसाची वस्ती हजारो वर्षांची आहे. मूळ रहिवाशांची फिरती शेती आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रबर चिकाचा व्यापार यांमुळे वनाचा विस्तार फारसा घटला नव्हता. रबराचा चीक तर उभ्या रानटी झाडांपासूनच मिळवीत. मोठा बदल रस्त्यांमुळे झाला. १९६० साली बेलेम–ब्राझील्या मार्ग खुला झाला. ब्राझीलच्या लष्करी राजवटीने १९७० साली ट्रान्स-ॲमेझॉन महामार्गाचे काम हाती घेऊन त्याच्या कडेने वसाहतीस उत्तेजन दिले. मुख्य रस्त्यापासून दोन्ही बाजूंना काटकोनात फाटे फुटत गेले व त्यांच्या कडेने वन तुटत गेले. राँडोनिया राज्यात उपग्रहांवरून घेतलेल्या छायाचित्रांत ही तोड माशाच्या सांगाड्यासारखी दिसते. तोडलेल्या जमिनीचा बहुतांश भाग गुरांची कुरणे झाला. सोयाबीनची शेती, लाकूडतोड, सोन्याच्या खाणी व धरणे यांनी त्यात भर घातली.

ब्राझीलची राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून उपग्रहांच्या साहाय्याने दरवर्षी तोडीची मोजणी करते (वर्ष ऑगस्ट ते जुलै). २००४ साली ब्राझीलच्या ॲमेझॉन भागात सु. २७,८०० चौ. किमी. वन तुटले. त्या वर्षी सरकारने व्यापक नियंत्रण योजना आखली : उपग्रहांनी दिलेल्या सूचनेवरून त्वरित तपासणी, संरक्षित क्षेत्रांत वाढ आणि मूळ रहिवाशांच्या भूप्रदेशांस मान्यता. २००६ साली सोयाबीनच्या मोठ्या खरेदीदारांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरील पीक न घेण्याचे ठरविले. २०१२ साली तोड सु. ४,६०० चौ. किमी.पर्यंत उतरली. पुढे नियंत्रण सैल होताच ती वाढून २०२१ मध्ये १३,००० चौ. किमी.च्या वर गेली व नियंत्रण पुन्हा कडक झाल्यावर २०२४ मध्ये सु. ६,३०० चौ. किमी.वर आली. हे आकडे तोडीचा वेग दाखवितात, भरून आलेले वन नव्हे. तरीही ही तोड अटळ नसून शासकीय धोरणानुसार कमीजास्त होते, एवढे त्यांवरून स्पष्ट होते. संपूर्ण खोऱ्यातील मूळ वनापैकी सु. १७% आतापर्यंत नष्ट झाले आहे.

वनकडा व वणवे : तोडीचे परिणाम तोडलेल्या जागेपुरते राहत नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ टॉमस लव्हजॉय यांनी १९७९ साली मानाउस शहराच्या उत्तरेस १, १० व १०० हेक्टरांचे वनखंड वेगळे राखून दीर्घकालीन प्रयोग सुरू केला. उघड्या पडलेल्या कडेने ऊन व कोरडा वारा आत शिरतो. त्यामुळे आर्द्रता घटते व उंच वृक्ष उन्मळतात. कडेपासून ३०० मी.च्या पट्ट्यात मोठे वृक्ष अंतर्भागातील वृक्षांच्या जवळजवळ तिप्पट वेगाने मरतात, असे या प्रयोगात आढळले. रस्ते व कुरणे यांनी वनाचे तुकडे केल्याने अशा कड्यांची एकूण लांबी प्रचंड झाली आहे.

कडेचा कोरडा पाचोळा वणव्यास अनुकूल असतो. आर्द्र वर्षावनास नैसर्गिक वणवा क्वचितच लागतो. म्हणून येथील वृक्षांची साल पातळ असते व त्यांस आगीची सवय नसते. कुरण साफ करण्यासाठी लावलेली आग कोरड्या वर्षी वनात पसरते. तिच्या ज्वाला बुटक्या असल्या, तरी अनेक वृक्षांचे बुंधे भाजून ते पुढील काही वर्षांत मरतात. त्यांच्या पडण्याने वरचे पर्णछत्र विरळ होते, जमिनीवर वाळलेले लाकूड साचते व दुसरी आग पहिलीपेक्षा तीव्र होते. उपग्रहांना असे वन हिरवे दिसत असले, तरी त्याची घटना बिघडलेली असते.

जलवायुमानाचा परिणाम : जागतिक तापमानवाढीबरोबर खोऱ्याचे तापमान वाढले आहे. दक्षिण भागात कोरडा ऋतू १९७९ पासून दर दशकास सु. सहा दिवसांनी लांबत गेल्याचे एका अभ्यासात आढळले. २००५, २०१०, २०१५-१६ व २०२३-२४ असे तीव्र अवर्षणाचे काळ एकामागून एक आले. मानाउस येथे नेग्रो नदीच्या पातळीच्या नोंदी १९०२ पासून ठेवल्या आहेत. त्यांतील तोवरची नीचतम पातळी ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदविली गेली व २०२४ मध्ये पाणी त्याहूनही खाली गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये टेफे सरोवराचे पाणी सु. ३९° से.पर्यंत तापले व दीडशेहून अधिक नदी-डॉल्फिन मृत्यू पावले. नदी हाच ज्यांचा रस्ता, अशा अनेक गावांचा अन्न, औषधे व शाळा यांच्याशी असलेला संबंध तुटला.

उभ्या वनातील परिवर्तन : हवेतील वाढत्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे प्रकाशसंश्लेषणास मदत होऊन वृक्ष काही काळ जोमाने वाढले व वन कार्बन शोषून घेत राहिले. तथापि खोऱ्यातील ३२१ कायम क्षेत्रांवर वृक्षांचे घेर वर्षानुवर्षे मोजून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे शोषण १९९० नंतरच्या दशकाच्या तुलनेने पुढील दशकात सु. एक-तृतीयांशाने घटल्याचे आढळले. वाढ मंदावली, पण वृक्षांच्या मृत्यूचे प्रमाण वाढत राहिले. खोऱ्याच्या अधिक तोड झालेल्या आग्नेय भागात तर वन शोषते त्याहून अधिक कार्बन हवेत जातो, असे २०१० ते २०१८ या काळातील विमानांतून घेतलेल्या हवेच्या नमुन्यांवरून दिसून आले. जातींचे प्रमाणही बदलत आहे. महालतांचा पसारा वाढत आहे. नव्याने उगवणाऱ्या रोपांत कोरडेपणा सोसणाऱ्या वंशांचा वाटा वाढत आहे, तर ओलावाप्रिय वृक्ष अधिक मरत आहेत. वृक्षांचे आयुष्य दीर्घ असल्याने हा पालट जलवायुमानाच्या बदलापेक्षा फार संथ आहे. म्हणजेच वन नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यात मागे पडत आहे.

उंबरठ्याचा प्रश्न : वृक्ष कमी झाले की बाष्प घटते, बाष्प घटले की पाऊस घटतो आणि पाऊस घटला की आणखी वृक्ष मरतात. हे चक्र एका मर्यादेपलीकडे गेल्यास पूर्व, दक्षिण व मध्य भागांतील वनाची जागा विरळ, आगग्रस्त झाडोरा व गवत घेतील, अशी शक्यता आहे. तापमानवाढ व वणवे लक्षात घेता ही मर्यादा २० ते २५% निर्वनीकरणाच्या आसपास असावी, असे मत लव्हजॉय व ब्राझीलचे हवामानशास्त्रज्ञ कार्लूस नोब्रे यांनी २०१८ साली मांडले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०५० पर्यंत खोऱ्यातील १० ते ४७% वनावर अनेक दडपणे एकाच वेळी येतील. अशी एकच निश्चित मर्यादा आहे काय, की निरनिराळ्या भागांत ऱ्हास निरनिराळ्या वेळी होईल, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत.

इतर वर्षावनांशी तुलना : इतरत्र दडपणांचे स्वरूप निराळे आहे. इंडोनेशियात तेलताडाचे मळे व निचरा केलेल्या पीट-दलदलींतील आगी, तर काँगो खोऱ्यात प्रामुख्याने फिरती शेती व कोळशासाठी तोड ही कारणे आहेत. सह्याद्रीतील सदाहरित वनांस नैर्ऋत्य मोसमी वारे थेट समुद्रावरून पाऊस देतात. त्यामुळे ती पावसासाठी ॲमेझॉनइतकी स्वतःवर अवलंबून नाहीत. मात्र त्यांनी हवेत परत दिलेले बाष्प पूर्वेकडील तमिळनाडूच्या पावसास हातभार लावते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सह्याद्रीच्या दक्षिण भागात १९७३ ते १९९५ या काळात वनाच्छादन सु. एक-चतुर्थांशाने घटले.

संरक्षण व पुनरुज्जीवन : मूळ रहिवाशांच्या मान्यताप्राप्त भूप्रदेशांत तोड आसपासच्या भागापेक्षा बरीच कमी असते. सोडून दिलेली जमीन वारंवार जळाली नाही व जवळ जुने वन शिल्लक असले, तर तीवर वन पुन्हा उगवते. अमेरिका व आफ्रिका खंडांतील उष्ण कटिबंधीय दुय्यम वनांच्या अभ्यासात २० वर्षांत मृदा, वनस्पतींचे कार्य, संरचना, जातिवैविध्य इ. गुणधर्म जुन्या वनाच्या सरासरी ७८% पर्यंत पोहोचल्याचे आढळले. मात्र जैव वस्तुमान व मूळची जातिरचना परत येण्यास शतकाहून अधिक काळ लागतो. म्हणून नव्या लागवडीपेक्षा उभ्या वनाचे रक्षण व वणव्यांस आळा यांस अग्रक्रम देणे आवश्यक ठरते. तोड थांबविणे ॲमेझॉन खोऱ्यातील देशांच्या हाती आहे. तापमानवाढ रोखणे मुख्यत्वे खनिज इंधने जाळणाऱ्या दूरच्या देशांच्या हाती आहे. या दोहोंपैकी एकच साधल्यास वनाचे रक्षण अपुरे राहील.