हातावरची तुळस

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लोक घोडे, गाढवं, उंट बघायला जातात. मी गोंदणवाल्या मावशींच्या पोत्याशेजारी बसकण मारली. पोत्यावर नक्ष्यांचा फळा, शाईची बाटली आणि बॅटरीला जोडलेलं यंत्र. यंत्र म्हणजे विजेच्या जुन्या घंटीचीच करामत. चुंबक पट्टी खेचतो, खेचली की वीज तुटते, स्प्रिंग पट्टीला परत आणते. पट्टीच्या टोकाला बांधलेली सुई अशी सारखी वरखाली नाचते.

परभणीकडची एक आजी नातीला घेऊन आली. आजीच्या कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर ठिपके, मनगटावर तुळस. सगळं पसरून निळसर पडलेलं. ती परकरातली पोर असताना गोंदणारीण दारात आली, आईनं मांडीत दाबून धरलं आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया काजळात बुडवून टोचणं सुरू झालं. पोर रडायची, गोंदणारीण गाणं म्हणायची. काय काढायचं हे पोरीला कुणी विचारलंच नाही. तुळस, विंचू, पांडवांचे पाच ठिपके हे ठरलेलंच. मेल्यावर अंगावरचे दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आजी मला समजावून सांगत होती.

आपण शहरातली माणसं या प्रथेबद्दल जरा जास्तच हळवं लिहितो. गोंदण ही घराची, जातीची, जमातीची ओळख होती हे खरं. पण ती बाईच्या अंगावर इतरांनी उमटवलेली होती. पुरुषांचं दंडावरच्या मारुतीवर किंवा नावावर भागायचं. आज चेहऱ्यावरचं गोंदण लेझरनं काढून घ्यायला दवाखान्यात जाणाऱ्या मुलीला वारसा विसरली म्हणायचा हक्क निदान मला तरी आहे असं वाटत नाही.

नातीला ‘आई’ असं हवं होतं, त्याला जोडून हृदयाच्या ठोक्यांची रेघ. आजीला तुळसच हवी. पाच-दहा मिनिटं जुंपली. शेवटी तुळस आणि तिच्याखाली ‘आई’ असं ठरलं, रेघ गेली. मग जागेचा प्रश्न. नात सैन्यभरतीची तयारी करतेय. तिथे कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या अंगाला नाहीतर तळहाताच्या मागे असेल तरच चालतं. आदिवासी उमेदवारांना मात्र जमातीच्या रूढीप्रमाणे सूट आहे. म्हणजे अंगावरच्या खुणेला वारशाचा मान मिळालाय तो भरतीच्या नियमात. नातीला हे सगळं पाठ होतं. तिनं हात उलटा करून पुढे केला.

मावशींनी बॉलपेननं तुळस काढली, डाव्या हातानं कातडी ताणली. “ढिला सोड हात, बाय. हलू नको.” सगळं कसब त्या ताणण्यात आणि सुईच्या खोलीत. वरची कातडी महिना-दीड महिन्यात झडून नवी येते, म्हणून शाई तिच्याखालच्या थरात पोचायला हवी. उथळ टोचलं तर उडून जातं, फार खोल गेलं तर फिसकटतं. त्या थरातल्या पेशी शाईचे कण गिळून बसतात. पेशी मेली की सुटलेले कण नव्या पेशी गिळतात, हे 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. आजीची तुळस इतकी वर्षं टिकलीय ती बहुधा अशीच.

रक्ताचे बारीक थेंब वर आले, मावशींनी फडक्यानं टिपले. त्याच फडक्यानं आधीच्या गिऱ्हाइकाचा हात पुसलेला मी पाहिला होता. एकच सुई दोघांना लावली तर कावीळ ‘बी’ आणि एचआयव्ही पसरू शकतो. गोंदण झालं, वर हळद-तेल चोळलं. मागे एक दाढीवाला पोरगा दंड उघडा करून खंडोबासाठी थांबला होता. मी त्याला म्हटलं, सुई नवी मागून घे. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “नवी आहे की. दहा रुपये जास्ती पडतील.” पोरानं खिसे चाचपले आणि दहाची नोट मित्राकडून उसनी घेतली.