युद्ध एक, स्मरणाचे दिवस दोन

श्रीलंकेतील यादवी युद्ध 1983 मध्ये भडकले आणि मे 2009 मध्ये मुल्लैतीवू जिल्ह्यातील मुल्लिवाय्क्काल या चिंचोळ्या किनारपट्टीवर संपले. सैन्य आणि एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना यांच्या कचाट्यात लाखो तमिळ नागरिक तिथे अडकले होते. अखेरच्या टप्प्यात 40,000 पर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने 2011 मध्ये म्हटले. हा आकडा सरकारला मान्य नाही.

कोलंबोत 19 मे हा आधी ‘विजय दिन’ होता. 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांच्या सरकारने त्याचा ‘स्मरण दिन’ केला. तरी गौरव मुख्यतः सैनिकांचाच.

उत्तरेत लोक 18 मे पाळतात. दिवे लावतात आणि ‘मुल्लिवाय्क्काल कांजी’ वाटतात. तांदूळ, पाणी, जमलेच तर मीठ. कोकणातल्या पेजेहूनही साधी. वेढ्यातल्या माणसांना मिळत होते ते एवढेच, म्हणून त्यात चवीसाठी काही घालायचे नाही. या पेजेचेही तेव्हाच्या सरकारला वावडे होते: 2024 मध्ये त्रिंकोमाली जिल्ह्यातील सांपूर येथे ती वाटल्यावरून अटका झाल्या. जाफना विद्यापीठातील मुल्लिवाय्क्कालच्या मृतांचे स्मारक जानेवारी 2021 मध्ये रातोरात पाडले गेले. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर काही महिन्यांत पुन्हा उभे राहिले.

सर्वच बळींसाठी 4 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय दिनी वेगळा कार्यक्रम घ्यावा, ही शिफारस सरकारनेच नेमलेल्या आयोगाची, 2011 मधली.