घरात बसून निसर्गाचे फोटो? चाळीसगावच्या केकी मूस यांनी हे कसं केलं?

जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) अनेक दशकं क्वचितच घराबाहेर पडले. तरी त्यांच्या फोटोंत मोकळा निसर्ग दिसतो. ही टेबलटॉप फोटोग्राफी: टेबलावर साध्या वस्तू मांडून उभा केलेला देखावा.

पण टेबलावर अंतर कुठून आणायचं? ते प्रकाशानंच भासवावं लागतं. हवा प्रकाश विखुरते, म्हणून लांबचं फिकट दिसतं. फिकट दिसलं की मेंदू ‘लांब’ समजतो. मोनेनं १८७२ च्या ल हाव्र बंदराच्या चित्रात मागची जहाजं अशीच पुसट ठेवली. ते चित्र मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. केशरी सूर्य जवळजवळ गायब! तो आकाशाइतकाच उजळ आहे, फरक फक्त रंगाचा.

मूस यांचं चाळीसगावातलं घर आता संग्रहालय आहे.